मदत हवी आहे: कूलर 70 लिटरचा म्हणून घेतला, निघाला 40 चा, आता परत घेईनात

नमस्कार मंडळी, मी जुळे सोलापूरला राहतो. एप्रिलचं आपलं सोलापूर काय सांगायचं, वर पत्रा, घरात आईला बीपी, म्हणून ऑनलाईन कूलर मागवला. 9,499 रुपये यूपीआयने आधीच भरून टाकले (बायको रोज ऐकवते). पेजवर मोठ्या अक्षरात टाकी 70 लिटर. डिलिव्हरीच्या दिवशी आम्ही नेमके अक्कलकोटला लग्नाला, शेजारच्या काकूंनी उतरवून घेतला. दोन दिवसांनी पाणी भरायला घेतलं तर चार बादल्यात टाकी वाहायला लागली, बादली आमची दहा लिटरची. मागच्या स्टिकरवर बघितलं, सरळ 40 लिहिलंय!

कस्टमर केअरवाले आधी फोटो मागितले, दिले, मग व्हिडिओ मागितला, तोपण दिला, मग म्हणे बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ पाहिजे. आता कूलर उघडताना कोण शूटिंग करत बसतंय? शेवटी म्हणलालेत की ही वस्तू नॉन रिटर्नेबल आहे, विक्रेत्याशी बोला, आम्ही नुसता प्लॅटफॉर्म. विक्रेता दिल्लीचा, फोन उचलत नाही. केस करायची तर दिल्लीला जावं लागतं का? वकिलाचा खर्च कूलरपेक्षा जास्त व्हायचा.

सातरस्ता_कट्टा: नवी पेठेत घेतला असता तर दुकानात नेऊन आदळला असता की बे.

कडकभाकरी: वरचं सोडा. दिल्लीला जायचं काम नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे सोलापुरातच. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य, वकील लावलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्यासुद्धा भरता येते.

आणि ते नॉन रिटर्नेबल वगैरे तुमच्या केसमध्ये चालत नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे, माल खराब असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. बॉक्स उघडतानाच्या व्हिडिओची अट तर त्या नियमांत कुठंच नाही, ती यांनी स्वतःची लावलेली. फक्त एक करा, तक्रारीत "आवडला नाही", "छोटा वाटला" असलं काही लिहू नका, नुसतं आवडलं नाही म्हणून परत घ्यायची सक्ती कायद्यात नाहीये. 70 सांगून 40 दिला, एवढंच लिहा.

आधी साईटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव शोधा, ते देणं त्यांना बंधनकारक आहे, आणि लेखी तक्रार टाका. 48 तासांत पोच आणि महिन्याच्या आत निकाल द्यायचा असा नियम आहे. त्याच दिवशी 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला पण नोंदवा. माझ्या मेहुण्याचं मिक्सरचं प्रकरण तिथंच मिटलं, आयोगापर्यंत गेलंच नाही. नाहीच मिटलं तर आयोगात विक्रेता आणि प्लॅटफॉर्म दोघांनाही पार्टी करा, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. आणि सगळ्यात आधी त्या पेजचा स्क्रीनशॉट काढा, आत्ता, हे वाचता वाचता. उद्या 70 चं 40 करून ठेवतील.

धागाकर्ता: काढला! अजून 70 च दाखवतंय. बिल ईमेलला आहे, पण खोका भंगारवाल्याला दिला हो, त्यानं काही बिघडतं का?

कडकभाकरी: खोक्यावाचून तक्रार अडत नाही. बिल, पेजचा स्क्रीनशॉट, स्टिकरचा फोटो आणि त्यांच्याशी झालेलं सगळं चॅट, एवढं जपा. इथून पुढं फोनवर बोलूच नका, जे काय ते ईमेलवर.

धागाकर्ता: लै उपकार झाले. 1915 ला आत्ताच नोंदवली, नंबर आलाय. शेवटचा एक प्रश्न, आई विचारतीय, तक्रार चालू असताना कूलर लावला तर चालतो का? आज 43 आहे, आणि तो तसाच कोपऱ्यात उभा केलाय.