एएमसीए येईपर्यंतची दहा वर्षं: सुखोई-५७, एफ-३५ की दोन्हींना नकार?

तिरपा पंख

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये मिग-२१ निवृत्त झालं आणि हवाई दलाकडे लढाऊ स्क्वाड्रन उरल्या २९. मंजूर संख्या ४२. अधिकृत वेळापत्रक पाळलं गेलं तरी एएमसीए, म्हणजे आपलं स्वदेशी स्टेल्थ लढाऊ विमान, दलात यायला २०३५ उजाडेल. तोवर दोन-तीन स्क्वाड्रन परदेशी स्टेल्थ (रडारला सहज न दिसणारी) विमानं घ्या, हा आग्रह फेब्रुवारी २०२५पासून जोरात आहे. त्या महिन्यात बेंगळुरूच्या येलहंकाला हवाई प्रदर्शनात रशियन सुखोई-५७ आणि अमेरिकन एफ-३५ दोन्ही उतरली होती आणि त्याच आठवड्यात ट्रम्प यांनी भारताला एफ-३५ देण्याची वाट मोकळी करू म्हणून जाहीर केलं. माझा या खरेदीला विरोध आहे.

एफ-३५वर फार वेळ घालवत नाही. एस-४०० ही रशियन हवाई संरक्षण प्रणाली घेतली म्हणून तुर्कस्तानला २०१९मध्ये या कार्यक्रमातून काढलं, आणि तीच एस-४०० आपल्याकडे तैनात आहे. शिवाय या विमानाची देखभाल, सुटे भाग आणि मोहिमेच्या माहितीच्या फायली अमेरिकेच्या ताब्यातल्या प्रणालीवर चालतात. आपलं अस्त्र क्षेपणास्त्र बसवायचं तर परवानगी आणि वेळ दोन्ही त्यांचं.

खरा वाद सुखोई-५७चा आहे, म्हणून आकडेच मांडतो. रडारचा पल्ला लक्ष्याच्या आरसीएसच्या (रडारला ते केवढं दिसतं, त्या क्षेत्रफळाच्या) चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलतो. समजा एखादं रडार ५ चौ.मी.चं विमान ३०० किमीवर पकडतं. तेच रडार १ चौ.मी.चं विमान साधारण २०० किमीवर पकडेल, ०.१ चौ.मी.चं ११३ किमीवर आणि ०.००१ चौ.मी.चं ३६ किमीवर. सुखोईच्या स्वतःच्या पेटंटमध्ये या विमानाचा सरासरी आरसीएस ०.१ ते १ चौ.मी. दिलाय. म्हणजे सुधारणा आहे, पण जी विमानं खरोखर दिसेनाशी होतात त्यांच्या पंगतीत हे बसत नाही. इंजिनाकडे जाणारा हवेचा मार्ग पुरेसा वळलेला नाही, त्यामुळे पंख्याची पाती झाकायला आत वेगळा अडसर बसवावा लागतो. मागची नळकांडी गोल आहेत. एवढ्यासाठी हजारो कोटी घालायचे का?

ओझर

असहमत. आरसीएस सरासरी धरून तुम्ही सुखोई-५७वर अन्याय करताय. लढाईत समोरचा कोन महत्त्वाचा असतो, आणि ही सरासरी त्या कोनाला लागू पडत नाही. याच पेटंटमध्ये सुखोई-२७च्या पिढीसाठी १० ते १५ चौ.मी. धरलेत. आपली अडीचशेहून जास्त सुखोई-३० एमकेआय त्याच कुळातली आहेत. तुमच्याच सूत्रात १५ घाला: शत्रूला ती जवळपास ३९५ किमीवर दिसतात. सुखोई-५७ला १ चौ.मी. हा वाईटातला वाईट आकडा दिला तरी २०० किमी. पलीकडून पीएल-१५ हे लांब पल्ल्याचं चिनी क्षेपणास्त्र येतंय, ज्याचे अवशेष मे २०२५मध्ये होशियारपूरजवळ सापडले. अशा वेळी १९५ किमीचा फरक म्हणजे वैमानिकाच्या हाती आलेली कित्येक मिनिटं.

दुसरं, या विमानाच्या नाकाच्या दोन्ही गालांवर बाजूला पाहणारे रडार अँटेना आहेत. क्षेपणास्त्र सोडल्यावर शत्रूच्या जवळ जायचं टाळून विमान जवळजवळ काटकोनात वळवता येतं आणि तरीही क्षेपणास्त्राला दिशा देत राहता येतं. फक्त नाकात रडार असलेल्या विमानाला एवढं वळता येत नाही, लक्ष्य सुटतं. पोटात चार मोठी क्षेपणास्त्रं, बाजूच्या कप्प्यांत दोन छोटी, आणि दहा टनांच्या आसपास इंधन. ईशान्येसाठी हा पल्ला कामाचा आहे.

तिसरं नाशिकचं. ओझरला एचएएलचा सुखोई-३०चा कारखाना आहे, शेजारीच हवाई दलाचा ११ क्रमांकाचा दुरुस्ती डेपो आहे, इंजिनं कोरापुटला बनतात. रशियन नळ्या, जोडण्या आणि हायड्रॉलिक्स हाताळणारे लोक तिथे तयार आहेत. एफ-३५साठी हे सगळं शून्यापासून उभारावं लागेल.

तिरपा पंख

@ओझर, सुखोई-३०शी तुलना मान्य. पण रशियासोबत याच विमानाच्या भागीदारीत आपण एकदा शिरून बाहेर आलोय. २००७चा करार, २०१०मध्ये प्राथमिक आराखड्यासाठी २९.५ कोटी डॉलर, आणि २०१८मध्ये माघार. इंजिन, स्टेल्थ आणि खर्चात मिळणारा वाटा, तिन्हींवर हवाई दल समाधानी नव्हतं. त्यातलं इंजिन आज किती बदललंय? सुरुवातीची विमानं एएल-४१एफ१वरच उडतात. रशियाने २०१९मध्ये स्वतःसाठी ७६ विमानांची ऑर्डर दिली. स्वतःच्याच दलाची गरज भागलेली नसताना आपल्याला वेळेवर दोन स्क्वाड्रन कुठून देणार?

ओझरला विमान जोडलं म्हणजे ते आपलं झालं असंही नाही. सुखोई-३० कच्च्या मालापासून बनवायच्या टप्प्यापर्यंत आपण गेलो, तरी टायटॅनियम आणि अनेक घडीव भाग रशियातूनच येत राहिले आणि इथे बनलेलं विमान आयात विमानापेक्षा महाग पडलं.

लांब लहर

दोघेही फक्त मारणाऱ्या विमानाबद्दल बोलताय. चीनच्या जे-२० या स्टेल्थ विमानाला शोधायचं कसं, याचं उत्तर दुसरं स्टेल्थ विमान देत नाही.

स्टेल्थचा आकार आणि लेप प्रामुख्याने काही सेंटीमीटर लांबीच्या लहरींसाठी केलेला असतो, कारण नेम धरणारी रडार त्याच पट्ट्यात चालतात. मीटरभर लांबीच्या लहरींपुढे शेपटीचे पंख आणि टोकं लहरीच्या लांबीशी जुळू लागतात, अनुनाद होतो आणि विमान उजळतं. २७ मार्च १९९९ला सर्बियात अमेरिकेचं एफ-११७ स्टेल्थ विमान पाडलं गेलं तेव्हा शोध घेणारं रडार जुनं मीटर-लहरींचं पी-१८च होतं. क्षेपणास्त्र एस-१२५, तेही साठच्या दशकातलं. पण या रडारची मर्यादाही सांगायला हवी: नेमकं स्थान त्यांना कळत नाही, चूक किलोमीटरमध्ये असू शकते. म्हणून अशी तीन-चार रडार वेगवेगळ्या कोनांत ठेवायची, त्यांची माहिती एकत्र करायची आणि त्या भागाकडे अवरक्त (उष्णता टिपणारं) शोधयंत्र लावलेलं विमान वळवायचं. ही साखळी पूर्ण नसेल तर सुखोई-५७ असो वा राफेल, वैमानिक आंधळाच.

भूगोल आपल्या बाजूला आहे. तिबेटमधला शिगात्सेचा विमानतळ ३,७०० मीटरपेक्षा उंचावर आहे. मे २०२४मध्ये उपग्रहचित्रांत तिथे सहा जे-२० दिसली होती. विरळ हवेत इंजिन कमी जोर देतं, पंखही कमी उचलतो, म्हणून तिथून उडताना इंधन किंवा शस्त्रं कमी करावी लागतात. तेजपूर, हाशीमारा, छाबुआ मैदानात आहेत, तिथून पूर्ण भाराने उडता येतं. हा फायदा वसूल करायचा तर इंधन भरणारी आणि टेहळणी विमानं वाढवा. दोन्हींची आपल्याकडे वानवा आहे आणि ती भरून काढायला दहा वर्षं लागत नाहीत.

ओझर

साखळी हवीच, त्यात वाद नाही. पण साखळीच्या शेवटी मारायला कोण जाणार? टेहळणी विमानाला दूरवरून मारणारी क्षेपणास्त्रं आज दोन्ही बाजूंकडे आहेत. ते विमान जितकं मागे ढकललं जाईल तितकं पुढच्या लढाऊ विमानाला स्वतःच्या डोळ्यांवर अवलंबून राहावं लागेल.

लेप आणि लांबी

देखभालीवर कुणीच बोललेलं नाही, म्हणून लिहितो. स्टेल्थ विमान विकत घेणं सोपं, ते स्टेल्थ ठेवणं कठीण.

साध्या विमानात एखादा पंप बदलायचा असेल तर झाकण उघडा, पंप बदला, स्क्रू आवळा, चाचणी घ्या. स्टेल्थ विमानात झाकणाच्या फटीतली लांबी (फट बुजवणारी भरणी) खरवडून काढावी लागते, काम झाल्यावर फट पुन्हा भरायची, स्क्रूची डोकी बुजवायची, लेप लावायचा, तो ठरलेल्या तापमानात आणि आर्द्रतेत सुकू द्यायचा आणि मग पृष्ठभाग मोजून पाहायचा. अर्ध्या तासाचं काम दिवसावर जातं. घाई केली तर कडा उचलली जाते, तिच्याखाली पाणी शिरतं आणि पुढच्या उड्डाणात लेपाची पट्टी निघते. जोधपूरची वाळू पंखांच्या पुढच्या कडा घासते, तेजपूरचा पावसाळा लेप सुकू देत नाही. म्हणजे प्रत्येक तळावर हवामान-नियंत्रित हँगर हवेत, आणि ते विमानाच्या किमतीत धरलेले नसतात. हँगर बळकटही हवेत. जून २०२४मध्ये अख्तुबिन्स्कला उघड्यावर उभं असलेलं सुखोई-५७ युक्रेनच्या ड्रोनने जायबंदी केलं.

अमेरिकेलाही हे जड जातंय. २०२३मध्ये त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांनी एफ-३५चा ताफा जेमतेम ५५ टक्के वेळ मोहिमेला तयार असतो, असं नोंदवलं. १४ जून २०२५ला तिरुअनंतपुरमला उतरलेलं ब्रिटिश एफ-३५बी हायड्रॉलिक बिघाडामुळे २२ जुलैपर्यंत तिथेच होतं. दुरुस्तीला ब्रिटनहून पथक आणावं लागलं. दोन स्क्वाड्रन म्हणजे ३६ विमानं. ५५ टक्के धरलं तर हातात २०. त्यातली काही प्रशिक्षणाला. पश्चिम आणि उत्तर दोन्ही आघाड्यांवर मिळून ज्या संख्येचा भरवसा धरता येईल, ती एवढीच.

तिरपा पंख

@लेप आणि लांबी, +१. हाच हिशेब मला मांडायचा होता.

एकस्फटिक

तिरपा पंख यांचा निष्कर्ष मान्य, पण एएमसीएवर त्यांचा जो भरवसा दिसतो तो मला नाही. मार्च २०२४मध्ये मंजूर झालेल्या सुमारे १५,००० कोटींतून पाच प्रोटोटाइप बनतील, विमानाचा आराखडा चांगला आहे, हवेचा मार्गही नीट वळलेला आहे. अडचण इंजिनाची.

एएमसीए २५ टनांचं. पहिल्या आवृत्तीत दोन अमेरिकन एफ-४१४ इंजिनं, आफ्टरबर्नरसह (मागे जादा इंधन जाळून) प्रत्येकी ९८ किलोन्यूटन जोर. पूर्ण भाराला जोर-वजन गुणोत्तर ०.८ पडतं. लढताना इंधन निम्मं झाल्यावर ते सुधारतं, पण आफ्टरबर्नर न लावता ध्वनीपेक्षा वेगाने उडत राहायचं तर हे इंजिन अपुरं आहे. १२० किलोन्यूटनची दोन बसवली की गुणोत्तर ०.९८वर जातं. इंजिनाचं दुसरंही काम आहे: वीज आणि थंडावा. नवी रडार प्रचंड तापतात. एफ-३५च्या इंजिनातून ठरल्यापेक्षा जास्त हवा थंडाव्यासाठी काढावी लागली, इंजिन जास्त तापून झिजू लागलं आणि आता त्याचा गाभाच सुधारावा लागतोय.

तेजस मार्क-१ए पाहा. ८३ विमानांची ऑर्डर फेब्रुवारी २०२१ची. ९९ एफ-४०४ इंजिनं मागवली, त्यातलं पहिलं आलं मार्च २०२५मध्ये. ऑक्टोबर २०२५मध्ये नाशिकच्या नव्या रांगेतून पहिलं तेजस उडालं, पण इंजिन येईल त्याच गतीने ही रांग चालणार. एएमसीएचंही हेच होईल.

तेजससाठीच्या आपल्या कावेरी इंजिनाला ८१ किलोन्यूटन गाठायचे होते, ते जमलं नाही आणि २००८मध्ये तेजसशी त्याची सोडचिठ्ठी झाली. अडलं कुठे? सगळ्यात जास्त टर्बाइनच्या पात्यांत. धातूच्या वितळबिंदूपेक्षा जास्त तापलेल्या वायूत ही पाती फिरतात. ती एका अखंड स्फटिकाची ओतावी लागतात, आत थंड हवेचे बारीक मार्ग ठेवावे लागतात, वर सिरॅमिकचा थर द्यावा लागतो. ओतताना थंड होण्याचा वेग जरा चुकला की दुसरा स्फटिक उगवतो आणि पातं भंगारात. ऑगस्ट २०२५मध्ये सफ्रान या फ्रेंच कंपनीसोबत इंजिन बनवायचं जाहीर झालं, त्यात हे ओतकाम इथे शिकवलं जाणार का, याकडे लक्ष ठेवा.

ओझर

इंजिनाबद्दल पूर्ण सहमत, पण नवं इंजिन पक्कं व्हायला दहा-बारा वर्षं जातील आणि स्क्वाड्रन आज २९ आहेत. म्हणून माझी मागणी मोजकी ठेवतो: दोनच स्क्वाड्रन, नव्या इंजिनासह, आणि मोहीम-संगणक आपला. सुखोई-३०मध्ये तो आपला होता म्हणूनच पुढे अस्त्र बसवता आलं, आणि ब्रह्मोससाठी विमानात बदलही नाशिकलाच झाले. नोव्हेंबर २०१७मध्ये ते हवेतून डागलं गेलं. ही अट रशियाने नाकारली तर मीही खरेदीच्या विरोधात.

एकस्फटिक

ही अट ठेवली तर माझा विरोध बराच कमी होतो. पण पैशांचा क्रम बदला. सुखोई-५७च्या आधी उडतं इंजिन-चाचणी विमान आणि उंचीवरची हवा जमिनीवर निर्माण करणारं चाचणी केंद्र इथे उभं करा. २०१०मध्ये कावेरी मॉस्कोजवळ इल-७६च्या पंखाला लावून तपासावं लागलं. एखादा दोष सापडला की इंजिन उतरवा, बेंगळुरूला आणा, सुधारा, परत पाठवा, पुन्हा तारीख मिळवा. १२० किलोन्यूटनचं इंजिनही याच रस्त्याने गेलं तर २०३५ हे साल आत्ताच खोडून ठेवावं लागेल.