'दुय्यम चयापचयज' की 'विशेष चयापचयज'?

चर्चाप्रस्ताव :
बुरशीवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. 'सेकंडरी मेटाबोलाइट', म्हणजे पेशी बनवते पण जिच्यावाचून तिचं जगणं अडत नाही अशी द्रव्यं. त्याला पाठ्यपुस्तकी शब्द 'दुय्यम चयापचयज'. पण बुरशीपासून मिळणाऱ्या पेनिसिलिनसारख्या औषधाला दुय्यम लिहिताना हात अडखळतो. इंग्रजीतही आता 'स्पेशलाइज्ड' रुळतंय. 'विशेष' चालेल का?

प्रतिसाद १ :
चालेल काय, तोच हवा. 'दुय्यम' फारसीतून आला, मूळ अर्थ नुसता 'दुसरा'. आज मात्र दुय्यम निबंधक काय, दुय्यम वागणूक काय, तो खालची पायरीच दाखवतो. जर्मन जीवरसायनज्ञ आल्ब्रेख्ट कोसेल यांनी १८९१ मध्ये प्राथमिक आणि दुय्यम ही विभागणी केली ती पेशीला जगायला काय लागतंच आणि काय नाही, यावरून. प्रतीचा प्रश्न त्यात नव्हता.

नाशिकचे द्राक्षबागायतदार ज्याला नुसतं 'जीए' म्हणतात, ते जिब्रेलिक आम्ल घ्या. मणी फुगावा म्हणून त्याच्या द्रावणात घड बुडवतात. ते मूळचं भातावरच्या रोगाच्या बुरशीचं. रोपं भलतीच उंच आणि फिकट होतात, शेवटी लोळतात. जपानीत रोगाचं नावच 'बाकानाए', म्हणजे खुळी रोपं. एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये तैवानात दाखवलं, की बुरशी गाळून काढलेल्या नुसत्या द्रवानंही रोपं तशीच वाढतात. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला जिब्रेलिन नाव दिलं. फ्युजॅरियम फुजिकुरोई या बुरशीत ते बनवणारी ७ जनुकं गुणसूत्रावर एकमेकांना खेटून बसलेली आहेत. नत्र भरपूर असलं की गप्प, कमी पडलं की जागी. सातही काढून टाकली तरी बुरशी वाढतेच. म्हणून तिच्या बाबतीत 'विशेष'.

प्रतिसाद २ :
पण भात स्वतःही जिब्रेलिन बनवतो, आणि ते कमी पडलं तर रोप खुजं राहतं. रेणू एकच, बुरशीला विशेष आणि भाताला अत्यावश्यक! झाडांच्या वाढीचं नियंत्रण करणाऱ्या अशा द्रव्यांसाठी मराठीत 'संजीवक' इतका छान शब्द आहे, तो सोडू नका.

प्रतिसाद १ :
अगदी मान्य. दोघांची ते बनवण्याची वाटही वेगळी, विकरंही (एन्झाइम) बरीचशी वेगळी. तेव्हा झाडात संजीवक, बुरशीत विशेष चयापचयज. आणखी एक : वरच्या सात जनुकांसारख्या खेटून बसलेल्या जनुकांना, म्हणजे 'जीन क्लस्टर'ला, 'जनुकसमूह' नको, समूहात शेजार असतोच असं नाही. 'जनुकपुंज' लिहा. 'विशेष' पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'दुय्यम' मात्र द्या, विद्यार्थ्यांना परीक्षेत तोच भेटतो.