प्रतिसाद: जुन्या वळणाचे बोधचिन्ह

जनजागृती संस्थेचे बोधचिन्ह जुन्या वळणाचे दिसावे म्हणून त्याला पिवळट कागदाचा पोत आणि झिजलेली अक्षरे द्यावीत, ही सूचना मला पटत नाही. अमेरिकेत १९३६ ते १९४३ या काळात सरकारी कलाप्रकल्पातून आरोग्य व सुरक्षिततेविषयी जी भित्तिपत्रके निघाली, त्यांपैकी बरीचशी स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे जाळीतून शाई दाबून, छापलेली होती. प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागत असल्यामुळे रंग मोजके आणि आकार सपाट ठेवणे भाग पडे. आज आपल्याला भावणारे ते ‘जुने रूप’ मुख्यतः या काटकसरीतून आलेले आहे. दोन-तीन सपाट रंग आणि एकच ठसठशीत आकृती पुरेशी आहे. डागांचा पोत मोबाइलवरच्या इवल्याशा चिन्हात निव्वळ मळ दिसतो. मदत क्रमांक आणि तारखा मात्र साध्या, आजच्या टंकातच (फाँटमध्येच) असाव्यात, नाहीतर वाचणाऱ्याला माहितीही जुनीच वाटेल.