फिलेमोन १२ मधला ‘स्प्लांख्ना’: आतडी, काळीज की जीव?

वाचनवर्ग_इंदूर
नमस्कार मंडळी. इंदूरच्या आमच्या वाचनवर्गात निम्म्यांच्या हातात हिंदी बायबल असतं, निम्म्यांच्या हातात मराठी. येत्या रविवारी फिलेमोन, म्हणजे पौलानं फिलेमोनाला लिहिलेलं छोटं पत्र, घ्यायचं आहे. वचन १२ मध्ये पौल अनेसिमाला, म्हणजे फिलेमोनाच्या, परत पाठवलेल्या दासाला, जे म्हणतो, त्याला हिंदीत ‘हृदय का टुकड़ा’ आहे. ग्रीकमध्ये मात्र ‘कार्दिया’ (हृदय) नसून ‘स्प्लांख्ना’ आहे, आणि कोश उघडला की पहिला अर्थ शरीराच्या आतल्या अवयवांचा. मत्तय ९:३६ मध्ये येशूला कळवळा आला, तिथलं क्रियापदही याच शब्दापासूनचं. वर्गात नेमकं काय सांगावं? ‘मुळात येशूची आतडी पिळवटली असं लिहिलंय’ असं म्हटलं तर चालेल का?

कोइने_वाचक
आधी अवयव कोणते ते बघू. जुन्या ग्रीकमध्ये स्प्लांख्ना म्हणजे बळीच्या पशूचे हृदय, फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंडं. हे भाग आधी भाजून खात, बाकीचं मांस नंतर. आतड्यांना वेगळा शब्द होता, ‘एन्तेरा’. पोटाला ‘कोइलिया’, फिलिप्पै ३:१९ मध्ये ज्यांचं पोट हेच दैवत, तिथे तो आहे. म्हणून ‘आतडी’ हा अर्थ थोडा खालीच सरकतो.

क्रियापदाचंही तेच. २ मक्काबी या जुन्या यहुदी ग्रंथात, ६:८ ला, ते बळीचे हेच भाग खाण्याबद्दल येतं, दयेचा तिथे मागमूस नाही. दयेकडे शब्द वळला तो ग्रीक लिहिणाऱ्या यहुदी लोकांच्या हातून. नीतिसूत्रे १२:१० च्या ग्रीक भाषांतरात स्प्लांख्ना ज्या हिब्रू शब्दासाठी आला, तो ‘रहमीम’, आणि त्याचं नातं ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशयाशी.

नव्या करारात नाम ११ वेळा आहे. शब्दशः अवयव एकाच ठिकाणी: प्रेषितांची कृत्ये १:१८, यहूदाचा मृत्यू. उरलेल्या दहाही ठिकाणी माया, कळवळा, जीव. क्रियापद १२ वेळा, तेही फक्त मत्तय, मार्क, लूक यांत. तिथे कळवळा येतो तो एकतर येशूला, नाहीतर दृष्टांतातल्या धन्याला, शोमरोन्याला, उधळ्या पुत्राच्या बापाला.

त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नको’ असं आहे. ‘तिच्या पोटात माया आहे’ म्हणताना आपण जठराबद्दल बोलत नसतो. व्युत्पत्ती सांगा, पण ती वचनाचा अर्थ म्हणून सांगू नका. ‘कळवळा’ हा मराठी शब्द इथे चोख बसतो. हिंदीवाल्यांकडे ‘तरस आया’ आहे. त्यात वरून खाली बघितल्याची छटा येते, ती ग्रीकमध्ये नाही. एवढं त्यांना जरूर सांगा.

उच्चार: लिहिताना गॅमा-खी असले तरी गॅमाचा अनुस्वार होतो. ‘स्प्लाग्ख्ना’ नव्हे, ‘स्प्लांख्ना’. कोशात शोधायला स्ट्राँग क्रमांक (बायबलातल्या मूळ शब्दांना दिलेले अंक) नामाचा ४६९८, क्रियापदाचा ४६९७.

पत्रपाठ
वरचं सगळं बरोबर, पण फिलेमोनात खरी गंमत वचन १२ एकटं वाचून कळत नाही. २५ वचनांच्या पत्रात हा शब्द तीनदा आहे: ७, १२, २०.

फळ्यावर तिन्ही एकाखाली एक लिहा. ७: फिलेमोना, तुझ्यामुळे पवित्र जनांची स्प्लांख्ना विसावली. १२: अनेसिम म्हणजे माझी स्प्लांख्ना. २०: माझी स्प्लांख्ना विसावू दे. ७ आणि २० मध्ये क्रियापदही एकच आहे, ‘आनापाउओ’. आधी कौतुक, मधे ओळख, शेवटी मागणी. सगळ्यांच्या जिवाला विसावा देणारा तू, आता माझ्या जिवाला दे. आणि माझा जीव तर तुझ्या दारात उभा आहे. फिलेमोनाला नाही म्हणायला जागाच उरत नाही. भाषांतरात तीन वचनांना तीन वेगळे शब्द वापरले की ही वीण उसवते.

वचन १० मध्ये पौल त्याला बेड्यांत असताना जन्म दिलेलं लेकरू म्हणतो. म्हणून १२ ला ‘माझ्या पोटचा गोळा’ फार सुंदर बसतं. पण ‘पोटचा गोळा विसावला’ असं ७ ला चालणार नाही. तिन्हीकडे चालेल असा शब्द ‘जीव’. वाचायला तोच ठेवा, ‘पोटचा गोळा’ समजावताना एकदा सांगा.

वाचनवर्ग_इंदूर
दोघांचे मनापासून आभार. फळ्याचं नक्की करतो. लूकमधल्या तीन ठिकाणांत काही समान धागा आहे का? आणि मार्क १:४१ ला एका नव्या इंग्रजी भाषांतरात येशूला राग आला असं आहे, ते कुठून आलं?

कोइने_वाचक
लूक ७:१३, १०:३३, १५:२०: तिन्हीकडे आधी ‘पाहिलं’, लगेच कळवळा. नाईनची विधवा, जखमी वाटसरू, दूरवर दिसलेला मुलगा. १०:३१-३२ जरूर वाचा. याजकानं पाहिलं, लेव्यानंही पाहिलं, क्रियापद तेच, आणि दोघं पलीकडच्या बाजूनं निघून गेले. १ योहान ३:१७ इथेच जोडा: गरजू भाऊ दिसत असताना जो स्प्लांख्ना ‘बंद करतो’. म्हणजे कळवळा आपोआप येतो असं नाही, तो अडवताही येतो.

मार्क १:४१ हा पाठभेद आहे, म्हणजे जुन्या हस्तलिखितांत तिथे शब्द वेगवेगळे आहेत. बहुतेक हस्तलिखितांत ‘स्प्लांख्निस्थेइस’, म्हणजे कळवळा येऊन. कोदेक्स बेझे या जुन्या हस्तलिखितात ‘ऑर्गिस्थेइस’, रागावून. काही अभ्यासक राग हाच मूळ पाठ मानतात, कारण नकलनवीस रागाचं दयेत रूपांतर करील, उलट सहसा करणार नाही. मराठी आणि जुन्या हिंदी बायबलात दयेचाच पाठ आहे, तेव्हा कोणी विचारलं तरच हे काढा.