अडीचशे कोटींचा सिनेमा ‘स्वतंत्र’ कसा?

झाडीतला: ‘अमेरिकेत कमी बजेटच्या स्वतंत्र सिनेमांसाठी असलेल्या इंडिपेंडंट स्पिरिट अवॉर्डसारखा सोहळा विदर्भात व्हावा, गरिबांच्या सिनेमाला तिथंच न्याय मिळतो’ अशी पोस्ट काल इथं वाचली आणि डोकं फिरलं. तिथं एका सिनेमाच्या बजेटची कमाल मर्यादा 3 कोटी डॉलर आहे, म्हणजे आपले अडीचशे कोटी! आधी सव्वादोन कोटी डॉलर होती, तीही वाढवली. यात गरीब कोण?

वर्धेकर: भाऊ, अर्धंच सांगता. 10 लाख डॉलरच्या आतल्या सिनेमांसाठी तिथंच जॉन कॅसाव्हेटीस पुरस्कार वेगळा आहे. आणि 2025 ला तिथं सर्वोत्कृष्ट ठरलेला ‘अनोरा’ 60 लाख डॉलरमध्ये झाला. नंतर ऑस्करही त्यालाच.

झाडीतला: ते 60 लाखही पन्नास कोटींच्या घरात जातात. आपला मराठी सिनेमा ‘स्थळ’ घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, गावातलीच माणसं घेऊन केला. 2023 ला टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. 2025 ला थिएटरात लागला तेव्हा बहिणीला दाखवायचा होता. आमच्या तालुक्याला टॉकीजच नाही, दाखवू कुठं?

कपाशीवाला: टॉकीज काऊन नाही, तेही सांगा ना. माझ्या मामाची होती. शेवटी खुर्च्या भंगारात दिल्या, लोखंडाच्या भावानं. तुम्ही सगळे मोबाईलवर फुकट पाहत होते तेव्हा.

मास्तरीणबाई: लोकांना दोष देऊ नका. दिवाळी झाली की याच झाडीपट्टीत, आपल्या पूर्व विदर्भात, माणसं तिकीट काढून, कानाला मफलर बांधून पहाटेपर्यंत नाटक पाहतात. वडशाच्या नाटक कंपन्या त्यावरच चालतात.

कपाशीवाला: झाडीपट्टीचं कौतुक पुरे ताई. तिथं नट समोर उभा असतो. मंडईच्या जत्रेला पाव्हणे आलेले असतात, घर भरलेलं असतं. पडद्यासाठी कोण थंडीत बसते?

मास्तरीणबाई: बसतात! आमच्या शाळेच्या पटांगणात मराठी सिनेमा लावला होता. मध्येच जनरेटर बंद पडला. पोतं अंथरून बसलेल्या बायांपैकी एकही उठली नाही. पोरांनी डिझेल आणेपर्यंत त्या पुढं काय होईल यावरच भांडत होत्या. तुम्ही एकदा तरी पडदा लावून पाहिला का?

कपाशीवाला: मामानं आयुष्यभर लावला, ताई. मला शिकवू नका.

वर्धेकर: मूळ मुद्दा राहिला. मर्यादा जास्त आहे, चला, मानलं. पण पुरस्कार मिळाला नसता तर ‘स्थळ’चं नाव तरी तुमच्या कानावर आलं असतं का?

झाडीतला: नसतं. तेवढं धरा तुमच्या बाजूनं. पण नाव कानावर येऊन बहिणीला सिनेमा दिसला नाही ना. सोहळा करायचाच तर ट्रॉफीच्या जागी तालुक्या-तालुक्यात खेळ लावायचा खर्च द्या, प्रोजेक्टर-जनरेटरसकट. नागपूरच्या हॉटेलात हारतुरे होणार असतील तर वर्गणी मागायला आमच्याकडं येऊ नका.

कपाशीवाला: खेळ लावणार असाल तर मामाकडं जुना पडदा आहे. भाडं लागेल.