मदत हवी आहे: दर रविवारी व्हिनेगर लावूनही सीओटू डिफ्यूझरचे बुडबुडे मोठेच येतात (सोलापूर, जड पाणी)

जुळे_सोलापूर_टाकी

नमस्कार मंडळी. झाडं लावलेली माशांची टाकी आहे, झाडांसाठी पाण्यात सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडतो. टाकी ३ x १.५ x १.५ फूट, प्रत्यक्ष पाणी साधारण १६५ लिटर. २ किलोचा सिलिंडर, दोन घड्याळांचा रेग्युलेटर, सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारा गॅसचा व्हॉल्व्ह), वर्किंग प्रेशर १.५ बार, सेकंदाला २ बुडबुडे. डिफ्यूझर (गॅसचे बारीक बुडबुडे करून पाण्यात सोडणारा) काचेचा, २० मिमी सिरॅमिक चकतीचा. नळी पारदर्शक सिलिकॉनची. पाणी निम्मं नळाचं साठवलेलं, निम्मं बोअरचं. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ६२०, केएच (कार्बोनेट कठीणता) १२.

सुरुवातीला चकतीतून धुक्यासारखा बारीक गॅस यायचा. आता एकाच कडेने मोठे बुडबुडे येतात आणि सरळ वर जाऊन फुटतात. सकाळी सोलेनॉइड उघडल्यावर पहिला बुडबुडा यायला २५ मिनिटं लागतात. ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारी काचेची कुपी) दुपारपर्यंत निळाच, म्हणजे सीओटू कमी. चकती बाहेर काढली की तिच्यावर पांढरे डाग दिसतात, म्हणून चुना समजून दर रविवारी तासभर व्हिनेगरमध्ये ठेवतो, टूथब्रशने घासतो, धुऊन वाळवतो. दोन दिवस बरं चालतं, परत तेच.

चकती कायमची गेली का? प्रेशर २.५ करून बघू का? की काच सोडून स्टीलचा डिफ्यूझर घ्यावा?

भीमाकाठ

प्रेशर वाढवू नका. काचेच्या डिफ्यूझरला १ ते १.५ बार पुरतो. छिद्रं बुजलेली असताना जोर वाढवला तर गॅस चकतीतून न जाता काच आणि चकतीच्या सांध्यातून वाट काढतो, नाहीतर नळीच निसटते. एकदा सांधा सुटला की तो डिफ्यूझर संपला.

माझ्या मते तुमचा रोग चुना नाही. गॅस चालू असताना चकतीलगतचं पाणी आम्लधर्मी असतं, तिथे चुना सहसा टिकत नाही. तुम्हाला दिसणारे पांढरे डाग चकती बाहेर काढून बोअरच्या पाण्याने धुऊन वाळवल्यावर उमटतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. म्हणजे सफाईच डाग पाडते आहे. छिद्रं बुजवतो तो शेवाळाचा आणि जिवाणूंचा चिकट थर. व्हिनेगरने तो जरासा सैल होतो, वाळताना आक्रसतो, म्हणून दोन दिवस वाट मोकळी. पण छिद्रांतला थर तसाच राहतो आणि टूथब्रशने वरचा गाळ आणखी आत दाबला जातो. चकतीला ब्रश, सुई, तारेची घासणी काहीही लावायचं नाही.

आधी खात्री करा. कोरड्या चकतीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे, नाही फसफसलं तर थर सेंद्रिय आहे. मग चकती पाण्यात बुडवून गॅस सोडा आणि बुडबुडे कुठून येतात ते भिंगाने बघा. चकती आणि काच जिथे जुळतात त्या गोल रेषेतून येत असतील तर सांधा गेला, सफाईचा उपयोग नाही. चकतीच्याच अंगातून, पण एका भागातूनच येत असतील तर बाकीची छिद्रं बुजलीत. ती सुटतात.

सुटतात ती ब्लीचने. कपड्यांसाठी मिळतो तो साधा द्रव ब्लीच घ्या, सोडियम हायपोक्लोराइट ४ ते ५ टक्के, वास-रंग-साबण न घातलेला. ५० मिली ब्लीच, २०० मिली पाणी, काचेच्या ग्लासात. डिफ्यूझर पूर्ण बुडेल असा ठेवा, चकती वरच्या बाजूला, म्हणजे खाली हवा अडकणार नाही. तुमच्याकडे पाणी उलटं नळीत येत असणार, म्हणून चकतीच्या आतल्या बाजूलाही थर असेल. ५ मिलीच्या सिरिंजला नळीचा छोटा तुकडा लावून मानेतून थोडं द्रावण आत सोडा. २ ते ३ तास. चकती पुन्हा कोरी पांढरी दिसेल. नाही दिसली तर ताजं द्रावण करून आणखी २ तास. खिडकी उघडी, हातात मोजे.

नंतर वाहत्या पाण्याखाली १० मिनिटं. मग लिटरभर पाण्यात १ ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट, मत्स्यालयाच्या दुकानात खडे मिळतात) विरघळवून त्यात अर्धा तास. त्याचंही पाणी सिरिंजने आत फिरवा. शेवटी अर्धा तास आरओच्या (घरच्या फिल्टरच्या, क्षार काढलेल्या) साध्या पाण्यात. ही शेवटची पायरी आपल्याकडच्या पाण्याला फार महत्त्वाची, कारण डाग पडायचं थांबतं ते इथे. क्लोरीनचा वास आला तर हायपोची पायरी परत. आतलं पाणी सिरिंजने हवा ढकलून काढा, तोंडाने फुंकू नका.

गॅस जोडल्यावर १५ ते ३० मिनिटं काहीच येणार नाही. ओल्या छिद्रांतलं पाणी बाहेर ढकलायला तेवढा वेळ लागतो. त्या वेळात नीडल व्हॉल्व्ह (बुडबुड्यांची गती ठरवणारा स्क्रू) पिळू नका, नाहीतर नंतर एकदम गॅसचा लोट येईल.

एकरुख_काठ

वरचं सगळं पटलं. तीन गोष्टी जोडतो, सुरक्षेच्या आहेत म्हणून.

ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र आणू नका, एकाच ग्लासात लागोपाठही नको. क्लोरीन वायू सुटतो. संडास साफ करायच्या आम्लाचंही तसंच.

हायपो राहिलेली चकती लगेच व्हिनेगरमध्येही टाकू नका. थायोसल्फेट आम्लात फुटतं आणि गंधकाचे अतिबारीक पांढरे कण बनतात. ते छिद्रांत बसले तर आपणच चकती बुजवली. मध्ये भरपूर पाण्याने धुवा, चुना काढायचा असेल तर दुसऱ्या दिवशी काढा.

आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीत टाकतात ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर इथे चालत नाही. ती चुन्याचीच बनलेली असते, न विरघळणारा गाळ चकतीत जातो.

जुळे_सोलापूर_टाकी

दोघांचे मनापासून आभार. थेंब टाकून बघितलं. चकतीवर फसफसलं नाही, फक्त काचेच्या कडेला, पाण्याच्या रेषेशी फसफसलं. बुडबुडे चकतीच्या अंगातूनच येतात, साधारण पाव भागातून. सांधा शाबूत आहे.

भीमाकाठ, पाणी उलटं येतं हे तुम्ही बरोबर ओळखलंत. रोज सकाळी नळीत वीतभर पाणी असतं आणि बबल काउंटरमधली (बुडबुडे मोजायची पाणी भरलेली कुपी) पातळी वाढलेली असते. लाइट गेली की दिवसाही होतं. चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) प्लॅस्टिकचा आहे, बबल काउंटरच्या लगेच पुढे लावलाय.

भीमाकाठ

मग सकाळच्या २५ मिनिटांचं उत्तर तिथेच आहे. सोलेनॉइड बंद झाला की नळीत अडकलेला सीओटू चकतीतून हळूहळू पाण्यात विरघळतो, नळीत पोकळी होते आणि टाकीतलं पाणी आत ओढलं जातं. वीज गेल्यावरही तेच, कारण सोलेनॉइड वीज नसताना बंदच राहतो. सकाळी गॅसला आधी ते पाणी ढकलावं लागतं, मग चकतीची छिद्रं. त्या पाण्यासोबत टाकीतले जिवाणू आत येतात आणि चकती आतून चिकट होते. बाहेरून कितीही घासलं तरी आतली बाजू तशीच राहते.

प्लॅस्टिकच्या चेक व्हॉल्व्हमधलं रबर सीओटूने कडक होतं आणि झाकण नीट बसत नाही. काढून उलट्या बाजूने सिरिंजने पाणी ढकला. एक थेंब जरी पलीकडे आला तरी टाकून द्या. त्याच्या जागी पितळी किंवा स्टीलचा स्प्रिंगवाला घ्या आणि टाकीच्या जवळ, डिफ्यूझरच्या आधी लावा, बाण टाकीकडे. मग ओढ लागली तरी आत येणारं पाणी बोटभर नळीतच थांबेल. बबल काउंटरपाशी दुसरा ठेवलात तर उत्तमच. रेग्युलेटर पाण्याने खराब झाला तर तो खर्च चकतीच्या कितीतरी पट.

सिलिकॉन नळीच्या भिंतीतूनही सीओटू झिरपतो. लांब पल्ला पीयू (पॉलियुरेथेन) नळीचा करा, ४ मिमी आतला व्यास, ६ मिमी बाहेरचा. फक्त शेवटचे दोन-तीन इंच सिलिकॉन ठेवा, कारण ताठ पीयू नळी बसवताना काचेची मान मोडते. नळी काढतानाही ओढू नका. ब्लेडने उभी चीर देऊन सोलून काढा. सगळं जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बघा.

पाणवेल

डिफ्यूझरबद्दल सगळं आलंय, टाकीच्या बाजूने बोलतो.

१६५ लिटरला २० मिमीची चकती तोकडी आहे. तेवढाच गॅस लहान जागेतून काढला की शेजारचे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. पुढचा घेताना ३० मिमी किंवा मोठा घ्या. स्टीलची घाई नको. तसल्या डिफ्यूझरना साधारण २ बार किंवा जास्त प्रेशर लागतं, मग आधी सगळे सांधे आणि नळी तेवढं सोसणारी हवी. त्यापेक्षा काचेचेच दोन ठेवा. एक टाकीत, एक धुऊन वाळवलेला. तीन-चार आठवड्यांनी अदलाबदल. चकती हिरवी दिसायची वाट बघू नका.

जागा: मातीपासून दोन-तीन इंच वर, दिव्याच्या थेट उजेडापासून आणि खिडकीच्या उन्हापासून दूर, फिल्टरचा प्रवाह बुडबुड्यांना आडवा नेईल अशी. सरळ वर जाऊन फुटलेला बुडबुडा वाया गेला.

ड्रॉप चेकरमध्ये टाकीचंच पाणी भरलं असेल तर तुमच्या केएच १२ ला तो निळाच राहणार. त्यात ४ केएचचं द्रावण हवं. १.२ ग्रॅम खायचा सोडा १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा, त्यातले १०० मिली घेऊन डिस्टिल्ड वॉटरनेच १ लिटर करा. त्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे (आम्लतेनुसार रंग बदलणारं द्रव्य) थेंब. हिरवा म्हणजे सीओटू सुमारे ३० पीपीएम (लिटरमागे ३० मिलिग्रॅम). ड्रॉप चेकरचा रंग दीड-दोन तास मागे चालतो, म्हणून गॅस दिव्याच्या दोन तास आधी सुरू करा. पडताळा हवा असेल तर केएच १२ ला पीएच ७.१ म्हणजे जवळपास तेवढाच सीओटू.

चकती साफ झाल्यावर मात्र जपून. आज २ बुडबुडे वाया जातात, उद्या तेच २ बुडबुडे खरोखर विरघळतील. सुरुवात सेकंदाला १ पासून करा, दोन-तीन दिवस मासे बघत वाढवा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर गॅस बंद, पृष्ठभाग हलवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी ३० अंशांवर सहज जातं. त्या तापमानाला पाण्यात ऑक्सिजन फार तर लिटरमागे ७.५ मिलिग्रॅम मावतो, २५ अंशांना सव्वाआठ. म्हणजे उन्हाळ्यात माशांना सीओटूची सूट कमी.

सिलिंडर उन्हात किंवा पत्र्याखालच्या खोलीत नको, उभाच ठेवा. ३१ अंशांच्या वर आतला सीओटू द्रवरूप राहतच नाही, दाब झपाट्याने चढतो आणि बुडबुड्यांची गतीही बदलू शकते. किती गॅस उरला ते घड्याळावरून कळत नाही, वजन करा.

जुळे_सोलापूर_टाकी

ड्रॉप चेकरमध्ये टाकीचंच पाणी होतं. पितळी चेक व्हॉल्व्ह आणि पीयू नळी आणतो. चकती आत्ता ब्लीचमध्ये ठेवली आहे. एक विचारायचं राहिलं, बबल काउंटरमध्ये परत काय भरू? आतलं पाणी हिरवट झालंय.

भीमाकाठ

ते ओतून द्या, काउंटर कोमट पाण्याने धुवा. त्यात डिस्टिल्ड वॉटर चालतं, पण सुकतं. मेडिकलमधलं ग्लिसरीन भरलंत तर सुकत नाही, शेवाळही धरत नाही. दोन-तृतीयांशच भरा. ग्लिसरीन घट्ट असल्याने बुडबुडे मोठे आणि संथ दिसतील, आधीच्या मोजणीशी तुलना करू नका. झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी) तडकली असेल तर आत्ताच बदला, म्हणजे काउंटर पुन्हा उघडायला लागायचा नाही.