मदत हवी आहे: दिवाळीची सुट्टी आणि नाताळचे दोन दिवस, साताऱ्याच्या आसपास मुलांना कुठे कुठे न्यावं?

मोगरा
दिवाळीत पाच दिवस साताऱ्यात नणंदेकडे मुक्काम आहे, नाताळात पुन्हा दोन दिवस येणं होईल. बरोबर सात आणि अकरा वर्षांची मुलं आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे पायऱ्या बेताच्याच. गाडी घरची आहे. डोक्यात आहे ते असं: कासची फुलं, वासोट्याचा किल्ला, फ्लेमिंगो, हुरडा. शिवाय धाकट्याला अंगणात किल्ला करायचाय आणि आम्हा दोघांनाही त्यातलं ओ की ठो कळत नाही. यातलं दिवाळीत काय बसवावं, नाताळसाठी काय ठेवावं आणि काय सरळ सोडून द्यावं?

यवतेश्वरकर
ताई, कासची फुलं आधी यादीतून काढा. तो हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा. दिवाळीत पठारावर वाळलेलं गवत दिसेल आणि मुलं "फुलं कुठायत?" विचारून हैराण करतील. रस्ता मात्र तोच धरा, कारण यवतेश्वर घाट आणि कास ओलांडून पुढे बामणोली लागतं. तिथे कोयनेच्या शिवसागर जलाशयात बोटी मिळतात. सासूबाईंना घेऊन त्रिवेणी संगमापर्यंतची छोटी फेरी करा. कोयना, सोळशी आणि कांदाटी तिथे एकत्र येतात. चढउतार फक्त धक्क्यावर. भाडं बोटीमागे असतं, डोईमागे नाही, म्हणून अजून एखादं कुटुंब जोडीला घेतलं तर परवडतं. पेट्रोल साताऱ्यातच भरा. रोख पैसेही जवळ ठेवा, पुढे रेंज जाते-येते.

ठोसेघर दिवाळीतच उरका. पाऊस बरा झाला असेल तर तोपर्यंत धबधब्याला पाणी टिकतं, नाताळापर्यंत नुसती धार उरते. कठड्याच्या आतूनच बघायचं, खाली उतरायच्या फंदात पडू नका. ठोसेघरहून चाळकेवाडीचं पठार जवळ आहे, पवनचक्क्यांच्या अगदी पायथ्याशी जाता येतं. लांबून नाजूक दिसणारं पातं जवळून केवढं असतं, हे बघून मुलं गप्प होतात!

सज्जनगडावर गाडी बरीच वर जाते, पण पुढच्या पायऱ्या चुकत नाहीत. गुडघ्यांचा प्रश्न असेल तर त्याऐवजी वाई. ढोल्या गणपती आणि मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा एका सकाळी आरामात होतात. मेणवलीच्या घाटावरची मोठी घंटा मुलांना नक्की दाखवा, ती 1739 च्या वसईच्या मोहिमेतली लूट मानली जाते. घाटाच्या पायऱ्या टाळायच्या असतील तर सासूबाईंनी वाड्यातच बसावं. अजिंक्यताऱ्यावर गाडी थेट दरवाजाजवळ जाते. सकाळी सातला निघा, नऊपर्यंत घरी फराळाला.

मोगरा
मनापासून आभार. वासोट्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत. सात वर्षांच्या मुलाला झेपेल का?

यवतेश्वरकर
मुद्दामच बाजूला ठेवलं होतं. वासोटा हा पूर्ण दिवसाचा ऐवज आहे. बामणोलीत परवानगीला अर्धा तास, पायथ्याच्या मेट इंदवलीपर्यंत बोटीत दीड तास, चढायला अडीच, वर एक, उतरायला दोन आणि परतीची बोट पुन्हा दीड. नऊ तास झाले. संध्याकाळी पाचपर्यंत परत यायचं असतं, म्हणजे सकाळी आठला धक्क्यावर हवं आणि त्यासाठी साताऱ्यातून साडेसहाला निघायला हवं. जंगलात मुक्कामाला परवानगी नाही. त्यामुळे उशीर झाला तर तो भरून काढायला जागाच नसते.

अकरा वर्षांचा मुलगा सहज चढेल. सात वर्षांचा चढेल, पण उतरताना रडेल, कारण वाट सरळ उताराची आहे आणि पानांवरून पाय सटकतो. गडावरच्या बाबूकड्याच्या काठाशी लहान मुलाचा हात क्षणभरही सोडायचा नाही. मला विचाराल तर बाबांनी थोरल्याला घेऊन जावं आणि धाकट्याने त्या दिवशी किल्ला करावा.

आणखी काही गोष्टी. पायथ्याच्या ओढ्यापासून गडावरच्या टाक्यापर्यंत वाटेत पाण्याचा भरवसा नाही, माणशी दोन लिटर पाणी घ्या. प्लास्टिकच्या वस्तू मोजून घेतात आणि परत आणून दाखवाव्या लागतात, म्हणून वेफर्सच्या पुड्यांऐवजी डब्यात पोळी-चटणी न्या. पावसाळ्यात हा भाग बंद असतो. पाऊस लांबला तर उघडायची तारीखही लांबते, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी बामणोलीत फोन करून खात्री करा. जमीन ओली असेल तर जळवा असतात. पँट मोज्यात खोचा आणि खिशात मिठाची पुडी ठेवा. जवळची नागेश्वरची गुहा त्याच दिवशी जोडायचा मोह नको.

गेरू-चुना
किल्ल्याचं मी सांगतो. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी सुरू करा, नाहीतर हिरवळ उगवायच्या आत दिवाळी संपते.

साधारण चार फूट बाय तीन फूट जागा घ्या, पाठीला भिंत असली तर उत्तम. आधी विटा आणि दगडांचा सांगाडा रचा, मागे दोन-अडीच फूट उंच, पुढे उतरता. त्यावर जुनी गोणपाटाची पोती मातीच्या पातळ चिखलात बुचकळून पसरायची. कोरडं पोतं टाकलं तर वरची माती दुसऱ्या दिवशी पापडासारखी सुटते. मग चाळलेली लाल माती दोन-अडीच बोटं जाड थापायची. नुसती काळी माती नको, वाळली की भेगा पडतात. तीच मिळत असेल तर निम्मी बारीक वाळू आणि थोडं शेण मिसळा.

आता हिरवळ. मोहरी नको, अळीव वापरा. अळिवाला पाणी लागलं की त्याभोवती बुळबुळीत आवरण धरतं आणि दाणा उतारावर जागच्या जागी चिकटून बसतो. मोहरी गडगडत तटाखाली जाते आणि तिथेच रान माजतं. अळीव भिजवून मात्र पेरू नका, सगळा गोळा होतो. माती ओली करून कोरडं बी चिमटीने भुरभुरायचं. एवढ्या किल्ल्याला पन्नास ग्रॅम पुष्कळ. दोन दिवसांत मोड दिसतात, पाचव्या दिवशी हिरवंगार. तांब्याने पाणी ओतायचं नाही. हाताने किंवा फवाऱ्याने शिंपडायचं, दिवसातून तीनदा.

तट, बुरूज आणि पायवाटा बी पेरण्याच्या आधी करून घ्या. बुरुजाला रिकामा डबा आत ठेवून भोवती माती लिंपली की तो खचत नाही. वाटांवर गेरू, कडांना चुना. तळं करायचं असेल तर ताट पुरा, प्लास्टिकचा कागद हमखास गळतो आणि किल्ला पायथ्यापासून भिजतो. मावळे सगळ्यात शेवटी, नाहीतर रोजच्या शिंपणाने त्यांचा रंग जातो.

आणि उगाच काल्पनिक किल्ला करू नका. तुमच्या डोक्यावर अजिंक्यतारा आहे, सकाळी बघून या, थोरल्याला कागदावर आकार काढायला लावा आणि तोच करा. लांबट माथा, दोन दरवाजे, मंगळाईचं देऊळ. प्रतापगड निवडलात तर बालेकिल्ला वर आणि माची खाली, असे दोन टप्पे धरा.

माणदेशी
फ्लेमिंगो आणि हुरडा दोन्ही नाताळसाठी ठेवा, आणि एकाच दिवशी करा, कारण दोन्ही एकाच बाजूला आहेत. सातारा, वडूज, मायणी असा सत्तरेक किलोमीटरचा रस्ता. मायणी आणि येरळवाडी ही दोन तळी बघायची. पण "डिसेंबर म्हणजे रोहित (फ्लेमिंगो) असणारच" असं धरून निघू नका. हा पक्षी मान खाली घालून, चोच उलटी करून उथळ पाण्यातला गाळ गाळून खातो. परतीचा पाऊस जोरात झाला आणि तळं काठोकाठ भरलं की त्याला चरायला जागाच राहत नाही. पाणी ओसरून काठाला चिखल उघडा पडला की तो येतो. म्हणून निघण्याआधी गावातल्या कुणाला तरी विचारा, आणि पक्षी आलेत का एवढंच नाही, पाणी किती आहे तेही विचारा. रोहित नसले तरी चक्रवाक आणि बदकं असतात. उजाडताना पोचा, सूर्य पाठीशी ठेवा, काठापासून लांब थांबा. ड्रोन अजिबात नको, एकदा थवा उठला की त्या दिवशी परत बसत नाही.

तिथून अकराच्या सुमारास हुरड्याला. रानात आगटी करायची असेल तर गोवऱ्या कडक वाळलेल्या हव्यात. ओलसर असतील तर हुरड्याला धुराचा वास लागतो. जाळ पूर्ण बसून निखारा राहिला की मगच कणसं घालायची. जाळात घातली तर वरून करपतात आणि आत कच्ची राहतात. सतत फिरवत तीन-चार मिनिटं. दाणा दाबल्यावर घट्टसर दूध आलं तर हुरडा बरोबर, पाणी आलं तर कोवळा, पीठ आलं तर जून. कणीस गरम असतानाच हातावर चोळायचं, गार झालं की दाणा बोंडातून सुटत नाही. मुलांचे हात भाजतात, त्यांना गोणपाटाच्या तुकड्यात धरून चोळू द्या. बरोबर लसणाची चटणी, गूळ आणि ताक. पोटभर हुरड्यावर गार पाणी पिऊ देऊ नका, संध्याकाळी पोट धरून बसतील.

कृष्णाकाठ
परतताना सांगलीकडे येणार असाल तर कराडच्या पुढे देवराष्ट्रे गावाजवळ सागरेश्वर अभयारण्य आहे. उजाड डोंगरावर झाडं लावून, हरणं सोडून उभं केलेलं जंगल. धों. म. मोहिते यांचं काम. सांबर, चितळ, काळवीट दिसतात. दुपारी जाऊ नका, सगळी झाडाआड बसलेली असतात.

मोगरा
सगळं वहीत उतरवून घेतलं. गेरू-चुना दादा, एकच शंका. मध्येच अवकाळी पाऊस आला तर किल्ल्याचं काय करायचं? प्लास्टिक टाकलं तर चालेल?

गेरू-चुना
टाका, पण हिरवळीला टेकवू नका. चार काठ्या रोवून वर मांडवासारखं ताणा आणि बाजू उघड्या ठेवा. गच्च झाकलं तर एका रात्रीत अळीव पिवळा पडतो आणि बुरशी धरतो. पाऊस थांबला की लगेच काढा. खचलेल्या जागी माती थापून तिथे पुन्हा बी टाका. भाऊबीज तीन दिवसांवर आली असेल तर मात्र बियांच्या नादी न लागता त्या जागी लाकडाचा रंगीत भुसा पसरा.